चुनखडीवरचा अभिषेक

एकादशीची दुपार आहे. साबुदाणा पोटात जड झालाय, हातात जपमाळ आहे, आणि डोळा लागला की नाही हे माझं मलाच कळत नाही. मणी बोटांखालून सरकतात, मध्येच एक खडबडीत लागतो. डोळे किलकिले करते तर दारात हे उभे.

आमच्या ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. नोकरीभर त्यांनी जमिनीला भोकं पाडून खाली काय आहे ते पाहिलं. वर्षातले आठ महिने भीमेच्या पलीकडे तंबूत. वाटतं, आता विचारतील, कशी आहेस. ते विचारतात, "माझ्या पेटीतला दगड कुठे गेला?"

मी सांगते, देव्हाऱ्यात आहे. ह्यांच्यामागे पत्र्याची पेटी उघडली तेव्हा त्यात तो मिळाला. वीतभर लांब, गोल, गुळगुळीत, राखाडी, आणि त्यावरून गेलेली काळी रेघ, महादेवाच्या गळ्यातल्या नागासारखी. ह्यांनी जपून ठेवलेली वस्तू म्हणून मी त्याचीच पिंडी केली. रोज सकाळी अभिषेकपात्र टांगून तासभर धार धरते. तीर्थ मी घेते, सून शाल्मली घेते. तिला पाचवा महिना आहे.

हे कपाळाला हात लावतात. "अगं कुमुद, बोअरमधून काढलेला चुनखडीचा गाभा आहे तो. आणि ती काळी रेघ युरेनियमची आहे."

"मग हे तेव्हा सांगायचं नाही?"

"सांगणारच होतो. आधी नीट समजून घे."

इथेच माझा धीर सुटतो. चहा ठेवू का विचारलं तरी हा माणूस विहीर कुणी खणली इथून सुरुवात करायचा. मी आवाज न चढवता म्हणते, शाल्मलीला काही होईल का, तेवढं सांगा. ते स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर बोट टेकवतात. फरशीला भेग जाते, भेग रुंदावते, आणि मी तांब्या घेऊन खाणीच्या तळाशी उभी आहे. वर आमच्या ओट्याची कड दिसते. कुकरची शिट्टी होते.

हे सांगतच राहतात. डोंगरातल्या जुन्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम चिमूट चिमूट विखुरलेलं असतं. पावसाचं पाणी हवा घेऊन मुरतं आणि ते सुटं करतं. चुना विरघळलेलं पाणी त्याला हाताला धरून लांब नेतं, खडकातल्या भेगांमधून, लाखो वर्षं. वाटेत कुठे तरी जुना काळा गाळ भेटतो, कधीकाळच्या समुद्रात कुजलेल्या शेवाळाचा. तिथे पाण्यातली हवा संपते. हवा संपली की युरेनियम पाण्याचा हात सोडतं आणि भेगेत काळं होऊन बसतं.

"बसलंय ना? मग बसू दे."

"बसलं होतं. तू रोज त्यावर ताजं पाणी सोडतेस, हवेतलं. ते पुन्हा सुटतंय."

हातातला तांब्या जड होतो. मी विचारते, किती.

"थोडंच असेल. पण तिला थोडंही नको."

मी खाणीच्या पायऱ्या चढू लागते, तर त्या भीमेच्या घाटाच्या पायऱ्या निघतात. पिंडी माझ्या ओंजळीत आहे. पुजलेला देव नुसता उचलून ठेवता येत नाही, त्याचं विसर्जन करावं लागतं. मी वाकते, तोच हे मनगट धरतात.

"नदीत? खालची सगळी गावं हेच पाणी पितात."

मी विहिरीचं नाव काढते. "तेही पिण्याचंच पाणी." मी म्हणते, मग तुळशीत पुरते.

"तुळशीला पाणी कोण घालतं रोज?"

आता मात्र मला रडू येतं, आणि ते रागाचं असतं. "दोन वर्षांत माझा एक दिवस चुकला नाही. तुम्ही घरी नसायचात म्हणून मी नेम धरले. त्या नेमातही तुमचाच दगड निघावा?"

घाट नाहीसा होतो, आमची खोली परत येते आणि ते पलंगावर माझ्या शेजारी बसतात. जन्मात पहिल्यांदाच ते मुळापासून सुरुवात करत नाहीत.

"कोरडा कर. पेटीत घाल. माझ्या खात्यातल्या लोकांना बोलावून दे."

"आणि नेम मोडल्याचं पाप?"

"माझ्या नावावर घाल. मला आता काय होणार आहे?"

जेवता का वेळेवर, असं विचारायचं माझ्या ओठांवर येतं. तोवर जाग येते.

हातपाय धुऊन मी देवापुढे जाते. मनातल्या मनात क्षमा मागून पिंडी उचलते, फडक्याने कोरडी करते, पेटीत ठेवून झाकण लावते. ताम्हनात सुपारी मांडते. वाटीतलं सकाळचं तीर्थ झाकून बाजूला ठेवते, तपासायला देण्यासाठी.

शाल्मली संध्याकाळी माझ्या खोलीत येते. मी तिला सगळं सांगते, स्वप्नसुद्धा, आणि उद्या डॉक्टरांकडे दोघी जाऊ म्हणते. ती ऐकता ऐकता पलंगावर टेकते. रागावत नाही, पोटावर हात ठेवून बसून राहते. मग उठते, तर तिच्या कुर्त्याला मागून पांढरं लागलेलं.

"आई, चादर आज सकाळीच बदलली ना? हा चुना कुठला?"

मी चादरीवरची भुकटी चिमटीत घेते. बारीक, कोरडी, खाणीतली.

"तुझे सासरे बसून गेले," मी म्हणते. "जन्मभर सांगितलं त्यांना, कपडे झटकून आत येत चला म्हणून."