डॉक्टरांना दिलेली बाटली

साल १९५४. मी अठ्ठावीस वर्षांचा. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ती जाताना उशाशी बसून होतो तेव्हाही नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं येतं, चालवून घ्या. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

वडगाव निंबाळकरला मी गुळव्या होतो. काहिलीतला पाक नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस. माझ्या शब्दाशिवाय आसपासच्या गुऱ्हाळांवर काहील उतरत नसे — फुशारकी वाटेल, वाटू द्या. त्या हंगामात काहील उतरवताना दांडा निसटला आणि उकळता पाक उजव्या हातावर आला, पार कोपरापर्यंत. गाव म्हणालं, हात गेला. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, बघू.

दीड महिना बघितलं. हात वाचला, बोटं एकमेकांना चिकटली नाहीत. डॉक्टरांनी वाचवला, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. पण रोजची पट्टी करायचा तो गणपतराव कंपौंडर. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, गळ्यात तुळशीची माळ. पट्टी सोडताना कातडं निघू नये म्हणून कोमट पाणी थेंबथेंब सोडत बसायचा — अर्धा अर्धा तास. मी आग आग होऊन त्याला शिव्या द्यायचो. तो म्हणायचा, "द्या पाव्हणं, अजून द्या. रगत खेळतं त्यानं."

हा गणपतराव पूर्वी पीत असे. साऱ्या बारामतीला ते माहीत होतं. माळ घातली त्या दिवसापासून मात्र थेंब नाही. सात वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. "गुळाची एक ढेप आणून दे," म्हणाले. आता तुम्हीच सांगा — ह्या हाताला एक ढेप? मी काय भिकारी होतो? मला ते लागलं. मी गणपतरावाला विचारलं, डॉक्टरांना मनापासून काय आवडतं.

तो हसला. "लढाईत पलटनीत हुतं सायब. विलायती व्हिस्की म्हंजी जीव की प्राण. दारूबंदी झाल्यापासनं परमिटावर घोट घोट पुरवत्यात बिचारं."

मी तिथंच बोलून गेलो — आणतो. खरी विलायती आणतो. शब्द गेला तो गेला.

इंदापूरला एका बंगल्यावरच्या खानसाम्याशी ओळख काढली. त्यानं मला खालीवर बघितलं. "भरलेली पायजे? मग आदी सायब हून या की!" आणि हसत हसत रिकामी बाटली पुढं केली. वरचा चित्राचा कागद शाबूत, बूच शाबूत. मी ती पंच्यात गुंडाळून गाडीत बसलो. निमगाव केतकी येईपर्यंत मनात होतं की उतरावं, कुठल्यातरी बांधावर फेकून द्यावी, आणि सरळ ढेप घेऊन जावं. निमगाव आलं. निमगाव गेलं.

मग काय केलं — सांगतो, सांगायलाच बसलोय. ओढ्याकाठच्या हातभट्टीवरची आणली. फडक्यातनं चारदा गाळली. गूळ जाळून तिच्यात टाकला. किती जाळला म्हणजे कुठला रंग उतरतो, हे गुळव्याला कोण शिकवणार? रंग असा उतरला की मीच बघत राहिलो. लाज वाटली का? नाही. अभिमान वाटला. बुचावर लाख वितळवून लावली आणि बारामतीला गेलो.

डॉक्टर व्हिजिटला गेले होते. बाटली गणपतरावाच्या हातात दिली. त्यानं ती माळेपासून लांब धरली, बुचावरची लाख अंगठ्यानं चाचपली, औषधाच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "शब्दाचं पक्कं निघालासा," म्हणाला.

आठ दिवसांनी डॉक्टरांचं बोलावणं आलं. मी भर दुपारी पोचलो. टेबलावर ती बाटली, उघडलेली. खुर्चीत पुण्याहून आलेला डॉक्टरांचा लष्करातला दोस्त, अजून हसत होता. "काय रे, गुऱ्हाळात बनवलीय का ही?" डॉक्टरांचे कान लाल झाले होते. भिंतीला टेकून गणपतराव उभा.

डॉक्टरांनी मला विचारलं, "तू आणलीस तेव्हा बुचावर लाख होती, की कंपनीचं सील?"

लाख दवाखान्यातही असायची, पार्सलांना लावायला. स्पिरिट तर असायचंच. त्यांना काय वाटत होतं ते मला त्या एका प्रश्नातच कळलं. कपाटाची किल्ली एकट्या गणपतरावाकडं. खरी पिऊन टाकली, खोटी भरली.

तुरुंगाची भीती होती असं लिहिलं तर तुम्ही मानाल. पण ते खरं नाही. तो पाहुणा हसत होता, ते हसू माझ्याकडं वळू नये — एवढंच होतं.

"कंपनीचं सील हुतं, सायब," मी म्हणालो.

गणपतरावानं माझ्याकडं बघितलं. "पाव्हणं?" एवढंच. मग तो डॉक्टरांकडं वळला. "लाखच हुती, सायब. मी हातानं बघितली. ह्या माळंची आन."

"माळ काढून ठेव, गणपत, आणि मग आन घे," डॉक्टर म्हणाले.

त्याचा हात माळेवर तसाच राहिला. माझं तोंड उघडलं असतं तर तेव्हाच. एक वाक्य होतं. मी खिडकीतनं बाहेर बघितलं — बाहेर काय होतं, आज आठवत नाही. त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या, कोट खुंटीला अडकवला. जाताना माझ्याजवळ थांबून माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. "जपा, पाव्हणं. लई कामाचा हात हाय."

तो गेल्यावर डॉक्टरांनी किल्ल्या उचलून खणात टाकल्या. मग म्हणाले, "तू एवढ्या हौसेनं आणलीस, आणि बघ. तुझ्या माहितीत कुणी विश्वासाचा माणूस असला तर सांग मला."

त्या रात्री मला झोप लागली. हेही लिहून ठेवतो. चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या धाकट्या भावाला, सातवी पास होऊन घरी बसलेल्याला, माझा धुतलेला सदरा दिला, पहिल्या गाडीनं बारामतीला नेलं, आणि डॉक्टरांच्या पुढं उभा करून म्हणालो, "आमच्या घरातला हाय, सायब. कपाटाच्या किल्ल्या बिनघोर द्या."