चार वाजताचा निरोप

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला कोपर गावात आम्ही दोघा मित्रांनी कॉम्प्युटर क्लास काढलेला. विंडोज शिकवणारे गल्लोगल्ली होते. आमच्याकडे लिनक्स, त्याचा केवढा माज! पोरं त्यामुळेच कमी यायची, ते सोडा. मित्राने एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्याचं मशीनवर बसवता-काढता येईल असं रीतसर पॅकेज बनवलेलं. रोज बरोबर चारला त्याच्या स्क्रीनवर ओळ उमटायची, 'चला, चहा. बाकीचं नंतर.'

मग कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तो गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली कार्यक्रमाला घरी गेलेलो, तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं, "भावोजी, मी टायपिंगला येऊ का? नोकरी बघावी लागेल." वहिनी त्याच्याच मशीनवर, त्याच्याच लॉगिनच्या खात्यात बसायच्या. चारला ती ओळ आली की त्यांचे हात थांबायचे. मग अर्धा तास एक अक्षर पुढे नाही. मला ते बघवेना. आणि खरं सांगतो, भीतीही वाटायची. गेलेला माणूस रोज चहाला बोलावतोय म्हटल्यावर अंगावर काटा येणारच.

एका दुपारी त्या यायच्या आधी मी ते पॅकेज काढून टाकलं. त्यांना विचारलं नाही. त्यात विचारायचं काय, असं मला वाटलं.

चार वाजले. वहिनींनी एंटर मारलं, तर स्क्रीनवर 'नवीन मेल आहे'. उघडली तर त्याच्या प्रोग्रॅमचं नाव आणि पुढे 'सापडला नाही'. त्यांनी ती दोनदा वाचली.

कारण साधं होतं. पॅकेज नुसतं काढलं की त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात, आणि चारची वेळ त्यातच लिहिलेली. मशीन चारला उठून त्याला शोधत होतं. हे मला शिकवलेलं त्यानेच. "रिमूव्हने भागत नाही रे, पर्ज कर, मुळासकट," म्हणून ओरडायचा.

मग मुळासकटच केलं. पर्ज मारलं. त्याचं खातं सगळ्या फाइलींसकट पुसलं, त्यात मूळ प्रोग्रॅमही गेला. बॅकअपची फ्लॉपीसुद्धा फॉरमॅट केली. एवढी अक्कल पाजळल्यावर वहिनींसाठी नवीन खातं उघडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले.

"भावोजी, आज आलं नाही काही."

"काढलं ते, वहिनी. तुम्हाला त्रास होत होता ना."

त्या माझ्याकडे वळल्या. "टायपिंग मला लग्नाआधीपासून येतं हो. मी चार वाजायची वाट बघायला यायचे." मग म्हणाल्या, "परत आणता येईल ना?"

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. "बघतो," म्हटलं आणि कीबोर्डवर काहीबाही मारत शोधल्याचं नाटक करत बसलो. त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, स्क्रीनवर डोळे लावून, तासभर. मी तिथे त्याचं काहीही मागे ठेवलं नव्हतं.