फुग्याची दाढी

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. सगळा रस्ता त्यांना मोरपीस मास्तर म्हणायचा, कारण त्यांचा वस्तरा गालावरून फिरला की मोरपीस फिरल्यासारखं वाटायचं आणि गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. मास्तरांना त्या घोरण्याचा कोण अभिमान! "माणूस गळा उघडा टाकून झोपतो, म्हणजे विश्वास किती बघ," असं ते लेकीला सांगायचे. झोपलेल्या गिऱ्हाइकाच्या खांद्याला ते अलगद हात लावायचे, शाळेसाठी मूल उठवावं तसा.

लेक शेजारच्या खुर्चीवर काम करायची. शाळा संपवून तिनं हाच धंदा शिकायचा हट्ट धरला, तेव्हा मास्तरांनी तिच्या हातात आधी फुगा दिला. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्यानं तो काढायचा. फुगा फुटला की पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर फटाफट आवाज, भिंतीवर फेसाचे शिंतोडे आणि आतून आईचं, "अहो, ती धंदा शिकतेय की लढाईवर निघालीय?" फुगे फुटायचे थांबले तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "आता गळा चालेल." तेवढ्यानं लेकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तरी दाढीसाठी लोक तिच्या खुर्चीकडे बघून न बघितल्यासारखं करत. केस कापून घेत, पण गळा पुढे करायची वेळ आली की मास्तर कधी मोकळे होणार ते विचारत. त्यात सगळ्यात पुढे कोपऱ्यावरचे डॉक्टर. दवाखान्यात पेशंट ताटकळत असले तरी हे इथे वर्तमानपत्र उघडून बसत आणि म्हणत, "तू हुशार आहेस गं, पण आम्ही पडलो मोरपिसाचे." लेक हसून सोडून द्यायची. मनात मात्र खुपायचंच.

मग मास्तरांचे तळपाय पेटले. तळपायाची आग मस्तकात गेली असं आपण रागाबद्दल सहज बोलून जातो. इथे राग वगैरे काही नव्हता, नुसती आग होती. बरीच वर्षं अंगात असलेल्या साखरेनं पायांच्या नसा पोखरल्या होत्या, आणि धंदा तर दिवसभर उभं राहायचा. मास्तरांनी खुर्चीमागे ओला टॉवेल अंथरला, चपला काढल्या आणि त्यावर उभं राहून दाढ्या करू लागले. कुणी विचारलं की म्हणायचे, "उकडतंय." थंडीतसुद्धा उकडतंय! शेवटी एका सकाळी आईनं पाहिलं, की पांघरुणाचं टोक पायाला लागलं तरी त्यांचा जीव कासावीस होतोय. मग तिनं त्यांचं काही चालू दिलं नाही. "उकडतंय काय? चला, डॉक्टरांकडून गार करून आणते."

डॉक्टरांनी काही हातचं राखलं नाही. "मास्तर, नसांच्या दुखण्यावरची गोळी देतो. आग कमी होईल, झोप लागेल. पण गेलेल्या नसा परत येणार नाहीत आणि साखर ताब्यात ठेवायचं काम तुमचं तुम्हालाच करायचंय. शिवाय ही गोळी आपली किंमत वसूल करते. गरगरेल, दिवसा पेंग येईल, पाय सुजतील, वजन वाढेल. एखाद्याचा हात जरासा थरथरतो. जे होईल ते मला सांगा, मनानं बंद करू नका. आणि हो, सध्या गाडी चालवू नका."

"गाडी कुठली डॉक्टर? मी वस्तरा चालवतो."

डॉक्टरांचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला. "मग अंगवळणी पडेपर्यंत दाढ्या लेकीला करू द्या," ते म्हणाले.

गोळीनं कमाल केली, हे कबूल करायलाच हवं. मास्तर रात्रभर गाढ झोपले. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आईच्या पुढे चालत आले. ओला टॉवेल दोरीवर गेला. लेकीला वाटलं, सुटलो बाई! पण मग दुपारी गिऱ्हाइकाच्या जागी मास्तरच खुर्चीत घोरताना सापडू लागले. बोलता बोलता शब्द हरवायचा. ज्या तुरटीशी सगळा जन्म गेला तिला ते "ते पांढरं, दगडासारखं" म्हणू लागले. चपलांचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतायला लागले. दाढीचं गिऱ्हाईक आलं की कधी स्वतः घेत, कधी काहीतरी निमित्त काढून लेकीकडे ढकलत. कुठल्या दिवशी काय आणि का, ते तिला उमगत नव्हतं.

एका सकाळी ती दुकानात आली तर शटर आधीच वर. आत आरशासमोर मास्तर उभे, हातात फेस फासलेला लाल फुगा. त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. वस्तरा वरून खाली आला, फेसात एक स्वच्छ वाट पडली, दुसरी पडली, आणि फट्! पायाशी आधीच्या फुग्यांच्या चिंध्या पडल्या होत्या. शिकत असताना तिचे ढीगभर फुगे फुटले होते. त्यांचा फुटलेला तिनं आजवर पाहिला नव्हता.

"रोज करता हे?"

"रोज. फुटला की त्या दिवशी कुणाच्या गळ्याला हात लावत नाही."

"बाबा, मला सांगायचं तरी!"

"काय सांगू? मोरपिसाला काटे फुटले म्हणून?"

थरथर एवढी बारीक होती की तिच्याही नजरेला दिसली नसती. त्यांनी तशाच दाढ्या ओढल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं. पण या माणसानं स्वतःलाच परीक्षेला बसवलं होतं आणि नापास झाल्यावर मुकाट्यानं वस्तरा खाली ठेवला होता. लेकीला रडू यायला हवं होतं. तिला अभिमान वाटला, आणि तो लपवायला तिनं केरसुणी हातात घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी कुणाला न सांगता गोळी सोडली. पाय जळाले तर जळू देत, हात माझा हवा, असा त्यांचा हिशेब. डोकं स्वच्छ झालं, सूज उतरली, तुरटीला पुन्हा तुरटी म्हणू लागले. आणि आग दुपटीनं परतली. तिच्याबरोबर टॉवेलही परतला, म्हणून तर लेकीला कळलं. पुढच्या सकाळी ती मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मास्तरांनी फुग्यावर वस्तरा टेकवला, तोच पायातून अशी कळ गेली की त्यांचे दात आवळले गेले. फुगा फुटला.

मास्तर त्या चिंधीकडे बघत राहिले. गोळी घेतली तरी फुटतो, नाही घेतली तरी फुटतो. इतके दिवस त्यांनी सगळा दोष गोळीवर ढकलला होता. दुखण्यानंही हात हलतो, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

"चला," लेक म्हणाली आणि दुकान उघडं टाकून त्यांना घेऊन गेली.

डॉक्टरांनी आधी चांगलं फैलावर घेतलं. "मनानं सोडायची नाही, हे सांगितलं होतं ना? असं एकदम तोडलं तर अंगाला झेपत नाही." मग लेकीनं फुग्यांबद्दल सांगितलं, तसे ते खुर्ची पुढे ओढून ऐकू लागले. "बरं, मास्तर, तुम्हीच सांगा. आग पार घालवायची तर गोळी वाढवावी लागेल, आणि डोकं जड राहील. काय हवंय तुम्हाला?"

"थोडी आग राहू द्या, डॉक्टर. तिची-माझी आता ओळख झालीय. हात तेवढा मोकळा करा."

ठरलं ते असं: गोळी कमी ताकदीची आणि फक्त रात्री, जेवणावर लक्ष, आणि दाढी करायची तर चाकांच्या स्टुलावर बसून. बाकी सगळं मास्तरांनी ऐकलं. स्टुलावरून मात्र रुसले. "बसून दाढी करतो तो कारागीर कसला?"

"डॉक्टर बसून तपासतात, शिंपी बसून शिवतो," आई म्हणाली. "तुमचेच पाय तेवढे सोन्याचे लागून गेलेत का? बसा गुमान."

बसले. सकाळी फुगे फुटत राहिले, मग कमी फुटू लागले, आणि एके दिवशी पिवळा फुगा आख्खा राहिला. दुसऱ्या दिवशी निळा. असे बरेच राहिल्यावर मास्तरांनी डॉक्टरांना निरोप धाडला: पहिला गळा तुमचा. औषध तुमचं, तेव्हा खात्रीही तुम्हीच करून घ्या.

डॉक्टर आले आणि त्यांनी निमूटपणे मान मागे टाकली. मास्तरांनी वस्तऱ्यात नवं पातं बसवलं. तो वस्तरा त्यांचा एकट्याचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला लेकीनं पाहिला नव्हता. डावा गाल झाला, तोवर डॉक्टर घोरायला लागले होते. डावीकडून अर्धा गळा झाला. स्टूल उजवीकडे सरकलं आणि लेकीला मास्तरांच्या पायाची चपलेत आखडलेली बोटं दिसली. राखून ठेवलेली ती थोडी आग वर यायला लागली होती. हात अजून स्थिर होता. तो हलायची वाट न बघता मास्तरांनी वस्तरा गळ्यावरून उचलला. आरशातून लेकीकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि वस्तऱ्याची मूठ तिच्यापुढे धरली.

तिनं वस्तरा घेतला. उरलेला गळा केला, उजवा गाल केला. घोरण्यात खंड पडला नाही.

मास्तरांनी खांद्याला हात लावून डॉक्टरांना जागं केलं. डॉक्टरांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला. "वा! मोरपीस ते मोरपीसच."

"एक बाजू माझी, एक हिची," मास्तर म्हणाले. "सांगा बघू, कुठली कुणाची?"

डॉक्टर दचकले. मग पुन्हा पुन्हा गाल चाचपले, गळा चाचपला, आरशाजवळ जाऊन बघितलं. "नाही बुवा सांगता येत."

"मी डोळ्यांनी बघितलंय, तरी मलाही नाही सांगता येणार," मास्तर म्हणाले.

लेकीनं वस्तरा पुसून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"तुझ्याकडेच असू दे," ते म्हणाले. "उद्या फुगा फुटला नाही, तर मागून घेईन."