पोरगी कुठली, कोर्ट कुठलं

त्या दुपारी ठाण्यात आलेली ती बाई रडत नव्हती, म्हणूनच कदाचित ती मला आजही लख्ख आठवते. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर ती ताठ बसली होती आणि विचारलं तेवढंच सांगत होती.

नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला. लग्नानंतर काही महिने ती तिकडे राहिली, बाळंतपणाला माहेरी आली आणि इथेच राहिली. मुलगी इथेच जन्मली, आता पहिलीत जात होती. नवरा कधीमधी यायचा, भांडायचा, निघून जायचा. या वेळी भावकीतल्या लग्नाला आला आणि बांगड्या घेऊन देतो म्हणून मुलीला बाजारात घेऊन गेला. ती दोघं परत आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला की, पोरगी सुरतेत आहे, मी ताब्यासाठी तिथल्या कोर्टात अर्ज टाकतोय, तुला लढायचं तर तिकडे ये.

बाप हा कायद्याने पालक. त्याने मूल नेलं म्हणून अपहरणाचा गुन्हा सहसा उभा राहत नाही. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "साहेब, मले भांडाचं भेव नाही. पन तिकडं जाऊन काहून भांडू? पोरगी तं इथली हाय."

मुलगी हरवल्याची नोंद घेऊन मी सरकारी वकिलांना गाठलं. त्यांनी जे समजावलं ते मी पुढे अनेकांना सांगितलं. मुलाचा ताबा कोणाकडे, हे मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथलं कोर्ट ठरवतं. कोणी गुपचूप उचलून दुसऱ्या राज्यात नेलं, म्हणून ते मूल तिथलं होत नाही. पण तिला आलेल्या नोटिशीसोबतच्या सुरतेच्या अर्जात नवऱ्याने लिहिलं होतं की मुलगी कायम त्याच्याजवळच राहते, आजोळी फक्त सुट्टीत जाते. हे खोडून काढलं नाही, तर या बाईला प्रत्येक तारखेला गुजरात गाठावं लागणार होतं. तिची मजुरी बुडणार, एखादी तारीख चुकणार आणि एकतर्फी निकाल लागणार, हे मला दिसत होतं. मोफत कायदा सहाय्याच्या वकीलबाईंनी तिच्यातर्फे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका टाकली. मुलीला शोधून हजर करा, असा आदेश आम्हाला आला.

सुरतेच्या पोलिसांनी नवऱ्याच्या खोलीवर जाऊन पाहिलं. चार कामगार पाळीपाळीने झोपतात अशी ती खोली. मुलगी तिथे नव्हती. नातेवाइकांकडे गेली आहे, एवढंच तो सांगत राहिला.

मग आमच्या बीट हवालदाराला बसस्टँडवरच्या चहावाल्याकडून खबर लागली. रडणाऱ्या मुलीला घेऊन बाप रिसोडच्या एका जीपमध्ये बसताना त्याने पाहिलं होतं. जीपवाल्याला बोलावून घेतलं. तो धडाधड सांगायला लागला: अकोला स्टेशनला सोडलं, सुरतेची गाडी होती, फलाटावर गर्दी होती, बापाने पोरीला बिस्कीट घेतलं. न विचारता इतकं सांगणारा माणूस बहुधा पाठ करून आलेला असतो. मी अकोल्याचा विषय सोडून दिला. चहा मागवला आणि त्याच्या घरच्यांची चौकशी केली. त्यालाही दोन मुली होत्या. मग सहज विचारलं, ती पोरगी फार रडली का?

"लय रडली, साहेब. पैनगंगेच्या पुलावर उलटी झाली तिले. सारी शीट मलेच धुवा लागली."

जबाब लिहिणारा शिपाई थांबला. मी म्हटलं, "अकोल्याच्या रस्त्याले पैनगंगा कधीपासून लागते?"

जीपवाल्याने कप खाली ठेवला. मंगरूळपीरहून अकोला एका दिशेला आणि पैनगंगा दुसऱ्या दिशेला, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. शेवटी तो म्हणाला की माहूर, किनवट करत त्याने दोघांना आदिलाबादच्या पलीकडे एका खेड्यात, नवऱ्याच्या मावशीकडे सोडलं. बाप दुसऱ्या दिवशी एकटाच सुरतेला गेला.

पोलीस अधीक्षकांची परवानगी घेऊन आम्ही निघालो. सोबत महिला शिपाई होती आणि ती आईही होती. तिथल्या ठाण्यात नोंद केली, त्यांचा माणूस बरोबर घेतला. मुलगी ओट्यावर बसली होती. आईला पाहून धावत आली आणि पहिली तक्रार केली, "आई, बाबानं बांगड्या घेतल्याच नाही." म्हातारी मावशी आडवी आली नाही. उलट पोरीचे कपडे बांधून देत म्हणाली की पोरगी जेवत नव्हती, मलाही घोर लागला होता.

नागपूरला नवरा वकिलासह हजर होता. न्यायमूर्तींनी मुलीला जवळ बोलावून मराठीतच विचारलं, "सुरत आवडली का तुला?"

मुलीने आईकडे पाहिलं, मग न्यायमूर्तींकडे. "सुरत कोनतं गाव हाय? मी नाही गेली."

मुलगी त्याच दिवशी आईच्या स्वाधीन झाली. पुढे सुरतेच्या कोर्टानेही, मुलीचं वास्तव्य आपल्या हद्दीत नाही, असं म्हणत अर्ज परत केला आणि ताब्याचं प्रकरण वाशीमच्या जिल्हा न्यायालयात चाललं. निकाल आईच्या बाजूने लागला. बापाला सुट्टीत भेटायची मुभा मिळाली आणि ती योग्यच होती. मुलगी त्याचीही आहे.

हद्दीचा प्रश्न म्हणजे वकिलांचा शब्दच्छल, असं मला नोकरीतली कित्येक वर्षं वाटत होतं. या प्रकरणाने ते मत बदललं. कोर्ट कुठलं हे ठरलं, तेव्हाच आई तिथवर पोचू शकेल की नाही, हेही ठरून गेलं होतं. निकालाआधीच्या एका तारखेला ती मला वाशीमच्या कोर्टाच्या आवारात भेटली. केस कशी चाललीय विचारलं, तर पहिल्यांदाच मोकळी हसली.

"बरी चालली, साहेब. मी सकाळी सैपाक करून येतो. गाडी आता त्याले पकडा लागते."