कारल्याचा रस

बागेच्या फाटकाशी रसाची गाडी लागते. ‘पोट कमी करा’ अशी पाटी. रोज सकाळी निवृत्त मंडळी तिथे कारल्याचा रस पितात, एकमेकांच्या पोटांची थट्टा करतात. ती पांगली, तरी शेजारचे काका पेला धरून उभेच होते.

“काका, हे थोतांड आहे,” मी तावातावाने म्हणालो. “घरी मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी खा.”

“तुझी काकू गेल्यापासून एकट्याला जेवण जात नाही रे. फरसाणावर भागवतो. इथे तोंड वाकडं केलं की हसायला कुणीतरी असतं.”

ताटात काय असावं, हे मला पाठ होतं. ताटासमोर कोण असावं?

मी एक पेला मागितला. पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं, आणि काका हसले.