बागेच्या दारातले पाइप

माझी थोरली बहीण हट्टी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी तिला व्हीलचेअरवरून सक्करदऱ्याजवळच्या कलाउद्यानात नेलं आणि आत जावंसं वाटत नाही म्हणून ती दारातूनच परत फिरली, हे त्यासाठी हमखास सांगितलं जातं. घरी तसं मीच सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.

हिरवळीवर उघड्यात शिल्पं मांडलेली ती बाग. पोरं तिथे मोटारसायकली घालायची. फिरायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांनी तक्रार केली आणि निवृत्त ओव्हरसियर म्हणून मी पुढे झालो. दारात लोखंडी पाइप गाडायचं ठरलं. मापासाठी मी माझीच मोटारसायकल नेली. हँडल अडकेल आणि माणूस निघेल एवढीच फट ठेवायला लावली. वेल्डिंगवाला म्हणाला, "साहेब, भारी डोकं लावलं." मलाही तसंच वाटलं. पुढे आत व्हीलचेअरसाठी छान उतारही बांधले. दारातून खुर्ची आत कशी येणार, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

नंतर ताईचे पाय गेले. दवाखान्यात जाताना ऑटोतून तिला आतली दगडी म्हैस दिसायची. "एकदा जवळून पाहू दे गा तिले," म्हणायची.

एका सकाळी नेलं. खुर्ची पाइपांत अडकली. चौकीदार धावत आला.

"कोन्या येड्यानं हे गाडलं, काय मालूम! थांबा, आजीले आपन दोघं उचलून घेऊ."

"मी काय पोतं आहो का बापू?" ताई म्हणाली. "खुर्ची जात असन त जातो."

मी ते पाइप पहिल्यांदाच पाहतोय असा त्यांवरून हात फिरवत राहिलो. घरी आल्यावर सांगितलं, तिलाच आत जावंसं वाटलं नाही. ती काही बोलली नाही.

परवा एकदाचं तिला सांगितलं, "ताई, ते पाइप मीच लावले."

"मले माहीत आहे. तू विसरला असशीन, पण तवा मीच त शाबासकी देल्ली होती तुले. माह्या अंगावर गाडी येता येता राहिली होती ना तिथं."

इतके दिवस बाळगलेलं ओझं आता ठेवावं कुठे, तेच कळेना.

"पाइपाचं सोड," ती म्हणाली. "घरी खोटं काहून सांगितलं?"

चौकीदाराचा शब्द झोंबला म्हणून? की तिची कीव आली म्हणून? मीच उलट विचारलं, "मग तू काहून गप्प राहिली?"

"उचलतो म्हटलं तवा मले रडू येऊन राहिलं होतं. ते सांगा लागलं असतं."

हे लिहू का, विचारलं. म्हणाली, "लिही. पण मले म्हैस दाखव पहिले."

काल टेप घेऊन गेलो. खुर्चीची रुंदी मोजली, हँडलची मोजली. जवळजवळ सारखीच निघाली. खुर्ची आत यावी आणि मोटारसायकल बाहेर राहावी, असं माप मला काही सापडेना. शेवटी चौकीदाराला म्हटलं, मधला पाइप काढायला लाव, ज्याने गाडला तोच सांगतो आहे. तो माझ्याकडे पाहतच राहिला. उद्या गाड्या शिरल्या तर फिरायला येणाऱ्यांनी मला बोलावं. ताई आधी आत जाईल.