ताईच्या करंज्या आणि माझा स्टँड मिक्सर

ज्या कुणी त्या खोक्यावर 'घट्टातलं घट्ट पीठ मळा, हात न लावता' असं छापलं, त्या माणसानं जन्मात करंजीचा रवा कुटलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्यानं मला फसवलं. आणि फसलेला शहाणा माणूस केवढा गाढवपणा करू शकतो, ते आता ऐकाच.

ताईचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. रुखवतात दीडशे करंज्या न्यायच्या होत्या. जयसिंगपूरची सासरची मंडळी खाण्यात भारी चोखंदळ. आईनं एकच धसका घेतला होता, करंजी कडक निघाली तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

करंजीसाठी रवा दुधात भिजवायचा आणि त्याचा तो दगडासारखा गोळा पाट्यावर ठेवून वरवंट्यानं मऊ होईपर्यंत कुटायचा. आमच्या गल्लीत हे काम कुणी एकटी करत नाही. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, अशा पाच-सहा बायका घरोघर फिरतात. शेजारच्या शेवंताकाकी आणि समोरच्या मुमताजभाभी या त्यांतल्या पुढारी.

आणि मी? समाजशास्त्रात एम.ए. बायकांच्या फुकट राबण्यावर बोलून कॉलेजात दोन ढाली मिळवलेला. माझ्या डोळ्यांदेखत हे चालू द्यायचं? मी शिकवण्यांच्या पैशांतून पीठ मळायचा स्टँड मिक्सर आणला. केकचं पीठ घालून बघितलं, तर मशीन कसं गोड फिरलं. झालं, माझी खात्री पटली. बायका वरवंटे घेऊन आल्या तेव्हा मी उंबऱ्यावर उभं राहून दहा मिनिटं बोललो. तुमच्या खांद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झालाय, आता घरी जा, आराम करा, वगैरे.

शेवंताकाकींनी आईकडं बघितलं. "आमचं काम न्हाय म्हणतोय त्यो. चला गं."

गेल्या की सगळ्या. आई हाक मारायला लागली, तर मीच तिला अडवलं.

मग दोन किलोचा गोळा भांड्यात टाकला आणि बटण दाबलं. मशीन आधी कण्हलं. मग ओट्यावरनं चालायला लागलं. खरंच सांगतो, चालत निघालं. मी मिठी मारून धरलं, तर त्याच्याबरोबर मीही थरथरायला लागलो. गोळा मळायच्या आकड्याला चिकटून नुसता गरगर फिरत होता, मळायचं नाव नाही. मी वेग वाढवला. जळका वास आला. नव्या मशीनला येतोच, असं आईला समजावून आणखी वाढवला. आतनं कडाक्‌ असा आवाज झाला. मोटार घुमत राहिली आणि आकडा जागच्या जागी थांबला. नंतर उघडून बघितलं, तर एवढ्या भारदस्त यंत्राच्या पोटात एक चाक प्लॅस्टिकचं, आणि त्याचे सगळे दात पडलेले.

आई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "आता काकींच्या दारात कोण जाणार?"

कोण जाणार म्हणजे काय, मीच गेलो. काकी पलंगावर पाय पसरून टीव्ही बघत होत्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी मान वळवली नाही.

"तूच सांगितलंस की आराम करा म्हणून. मी आराम करतोय."

शेवटी मुमताजभाभींना दया आली. त्यांनी तोडगा काढला. "येतो की आम्ही. पर वरवंटा तू धरायचास."

त्या दुपारी पाच बायका आमच्याकडं खुर्च्यांवर बसून चहा प्यायल्या आणि मी जमिनीवर बसून रवा कुटला. तीन तास. दर थोड्या वेळानं एकजण खाली वाकायची, गोळ्यात बोट रुतवायची आणि "अजून" म्हणून परत टेकून बसायची. अन्याय म्हणजे काय, हे त्या दिवशी मला खांद्यातून कळलं.

लग्नात नवऱ्या मुलाच्या आज्जीनं पहिली करंजी उचलली. करंजी दोन बोटांतच खुसखुशीत मोडली. आज्जीनं सावकाश खाल्ली आणि दुसरी घेतली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तरी गप्प बसावं की नाही मी? पण नाही. पुढं होऊन म्हणालो, "आज्जी, रवा मी कुटलाय," आणि पट्ट्या बांधलेले दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरले.

आज्जीनं ते उलटसुलट करून बघितले आणि कळवळून आईकडं वळल्या.

"अवो विहीणबाई, एखादं मशीन तरी घ्यायचं की. ह्या काळात कोण पोराला असं राबवतंय?"